आईच्या रकान्यात

४ जून

ताई,

अक्षर ओळखलंच असशील. फाडायचं तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस, म्हणून हा कागद धाडते आहे.

मी बरी आहे. तू कशी आहेस ते विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. छत्रीच्या कारखान्यात अजून तेच मशीन, तेच काळं कापड. डोळे जरा अधू झालेत, सुईत दोरा शेजारची ओवून देते आणि वर दोन शब्द सुनावते. असो. माझं रडगाणं गायला बसलेले नाही. काम ढबूचं आहे.

ढबू आता नुसती नावाचीच ढबू. छत्रीची काडी झालीय पोरगी. शाळा संपली, मार्क चांगले पडले (माझ्यावर गेली नाही, हे तूच म्हणशील), आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. तुझ्याच शहरात, त्या मोठ्या इस्पितळात. राहणं-जेवणं तिथंच. एक ऑगस्टला हजर व्हायचंय. हजर होताना सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि ते तिच्याकडे नाही. आजवर कुणी मागितलं नाही, मी काढलं नाही.

काढायला गेलो तर नोंदणी कार्यालयातल्या खिडकीतल्या बाईंनी जन्मदाखला एका हातात धरला, शाळेचा दाखला दुसऱ्या हातात, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मुलीला दोन आया आहेत का हो?” रांगेतले लोक हसले. मीही हसले. काय करणार?

जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात तू आहेस, शाळेच्या दाखल्यावर मी. गिरणीच्या दवाखान्यात तुझ्या कार्डावर मी बाळंत झाले, हे आपण इतकी वर्षं घरातल्या घरात ठेवलं. आता गिरणीला कुलूप लागलंय, दवाखान्यात कुणाचं तरी गोदाम आहे. तुझी नोकरी जायची भीती राहिलेली नाही. तेव्हा तू आणि भावोजींनी तिथल्या अधिकाऱ्यासमोर एक प्रतिज्ञापत्र करून द्यायचं की ही मुलगी तुमची नाही, माझी आहे. मग इथली नोंद बदलते आणि ओळखपत्र निघतं.

एक सही आहे. तेवढ्यापुरतं मला बहीण मान, मग पुन्हा फोन ठेवत जा.

धाकटी

१९ जून

ताई,

पत्र पोचलं हे मला माहीत आहे. तुमच्या पोस्टमनची पोचपावती माझ्याकडे आलीय, सही भावोजींची आहे.

मी रोज अर्धी पाळी बुडवून खेटे घालते आहे. खिडकीतल्या बाई सांगतात मोठ्या साहेबांना भेटा. मोठे साहेब सांगतात खिडकीत विचारा. मधल्या जिन्यावर एक बाक आहे, त्यावर माझ्यासारखीच माणसं बसलेली असतात. एकजण दाखल्यावर बाई आहे. चांगली दाढी आहे त्याला. एकीच्या दाखल्यावर तिचा जन्म तिच्या आईच्या आधीचा आहे. आम्ही एकमेकांची गंमत करतो, आणि शिपाई दार उघडायला आला की सगळे गप्प होतो.

बाहेर पत्र्याखाली एक म्हातारा अर्ज टंकून देतो. त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलंय, सोबत जोडलं आहे. तुला काही लिहावं लागणार नाही. खाली तुझी आणि भावोजींची सही, बस्स. त्यातली भाषा त्यांची ठरलेली असते, त्यात माझा शब्द एकही नाही, म्हणून वाचून माझ्यावर चिडू नकोस.

ढबू रोज माझ्याबरोबर कारखान्यात येते. मी नको म्हणत होते. “घरी बसून काय करू, भिंती बघू?” म्हणाली. तिला तारा वळवायच्या कामाला बसवलंय. बोटं फाटलीत, चिकटपट्ट्या गुंडाळून वळवते. मुकादम काल मला म्हणाला, “पोरीचा हात चांगला बसतोय, कायमची घेऊ का?” मी त्याच खुर्चीवर अशीच चार दिवसांसाठी बसले होते, ताई.

मला कळतं तू का गप्प आहेस. शाळेच्या फाटकातलं तू विसरलेली नाहीस. मीही नाही. पहिल्या दिवशी तिला घेऊन तू गेलीस, मला न सांगता, नवा फ्रॉक शिवून. बाईंनी विचारलं ढबूची आई कोण, आणि तू ओ दिलीस. मी मागून आले तेव्हा तू बाकावर बसून तिचं नाव लिहून देत होतीस. मी तिला हाताला धरून ओढलं, आणि काय काय बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग हेडमास्तरांपुढे बसले आणि माझं नाव लावून घेतलं. तेव्हा तोंडी सांगितलेलं चालायचं. दाखला बघायची तसदी त्यांनी घेतली नाही, आणि मी दाखवला नाही.

आता तू म्हणशील, मग भोग. पण भोगते आहे ती पोरगी. तुझं भांडण माझ्याशी आहे ना?

धाकटी

२ जुलै

ताई,

भावोजींचं कार्ड आलं. “तिला पत्रं पाठवू नकोस. ती जेवत नाही.” एवढंच. त्यांना म्हणावं, इथेही कुणी पोटभर जेवत नाही.

वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तुझं घर मागितलंय का, दागिने मागितलेत? जे आहे ते आहे असं लिहून मागितलं. ढबू माझ्या पोटची आहे, ही गोष्ट तुला ठाऊक, मला ठाऊक, भावोजींना ठाऊक. आई असती तर तिनं तुला कान धरून सहीला नेलं असतं.

आणि कार्ड तुझं होतं, तूच दिलंस, हे तरी लक्षात आहे का? मी मागितलं नव्हतं. माझं पोर आडवं आलं होतं. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही. सरकारी इस्पितळ नदीपलीकडे आणि पूल खचलेला. गिरणीचा दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण कार्ड नसलेल्या बाईला फाटकातून आत घेत नव्हते. आई नुसती आत-बाहेर करत होती. ढबूचा बाप नेहमीप्रमाणे ट्रकवर, म्हणजे कुठे ते त्यालाच माहीत. तू आतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. तुझं ते होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, गिरणीत अजून कळवलं नव्हतं. तू उठलीस, उशीखालून कार्ड काढलंस आणि आईच्या हातात दिलंस. सातव्या महिन्यापर्यंतच्या तुझ्या तपासण्यांचे शिक्के त्यावर होते. बाळंतपणाचा रकाना तेवढा रिकामा होता.

“हिला माझ्या नावानं न्या,” म्हणालीस, आणि परत भिंतीकडे वळलीस. त्या आठवड्यातला तुझा तेवढाच आवाज मला आठवतो.

कार्डावर फोटो नव्हता आणि आपली तोंडं सारखी. दवाखान्यात त्या मला तुझ्या नावानं हाका मारत होत्या, कळ येत होती, आणि मी तुझ्या नावाला ओ देत होते. नंतर त्यांनी जन्माची नोंद केली तीही तुझ्याच नावानं, वर भावोजींचं नाव बापाच्या जागी. आपण ठरवलं, गाजावाजा नको, तुझी नोकरी जाईल. ठरवणाऱ्यांत तूही होतीस.

तर आता ते निस्तरायची वेळ आली आहे. तू उपकार केलास, मी नाकारत नाही. पण उपकार केला म्हणून पोर आयुष्यभर तुझ्या नावाला बांधून ठेवणार आहेस का? ढबू विचारते, “मावशीचं काय उत्तर आलं?” मी सांगते, पोस्टाचा संप आहे.

धाकटी

११ जुलै

ताई,

तुझा लिफाफा कारखान्याच्या पत्त्यावर आला. ढबूनंच घेतला पोस्टमनच्या हातून आणि जिन्यावरून ओरडत आली. तुमच्या दोघांच्या सह्या बघून मी मशीनवर डोकं ठेवून रडले, हे लपवून काय करू. मुकादमाला वाटलं कुणी गेलं.

मग चष्मा लावून वाचलं. तू एक ओळ खोडली आहेस.

मी तशीच कार्यालयात पळाले, म्हटलं एका ओळीनं काय होतंय. खिडकीतल्या बाईंनी कागद उजेडात धरला. “‘सदर वर्षी मला कोणतेही अपत्य झालेले नाही’, हीच तर मुख्य ओळ आहे. ती का खोडली?”

मी म्हटलं, “हात चुकला असेल.”

“पट्टी लावून खोडलीय बाई. हात चुकून पट्टी लागते का?” तशा त्या वाईट नाहीत. पुढे हळू आवाजात म्हणाल्या, “हे बघा, दवाखान्याचं रजिस्टर म्हणतं त्या बाई पोटुशी होत्या, तपासण्या झाल्या, बाळंत झाल्या. त्या स्वतः म्हणत नसतील की मला झालंच नाही, तर मी नाव कसं काढू? नाहीतर कोर्टात जा.” कोर्टात किती दिवस लागतील विचारलं, तर त्या नुसत्याच हसल्या.

बाहेर पत्र्याखालच्या म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अहो, उलटं करा की. जन्माची नोंद हलता हलत नाही. शाळेचा दाखला एका अर्जात बदलतो. तुम्ही लिहून द्या की तुमचं नाव शाळेत चुकून लागलं, तुम्ही मावशी, सांभाळ केलात म्हणून. दोन्ही कागद जुळले की आठवड्यात ओळखपत्र.” मी त्याला म्हटलं, तुमच्या तोंडात किडे पडोत. त्यानं काही मनाला लावून घेतलं नाही. रोज ऐकत असेल.

ताई, ती ओळ कोऱ्या कागदावर पुन्हा टंकून पाठवते आहे. या वेळी खोडू नकोस. नुसती ओळ आहे, कोण वाचणार आहे? फायलीत जाऊन पडेल.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं जे लिहिलंस ते वाचलं. त्याचं नंतर बोलू. आधी सही कर.

धाकटी

१५ जुलै

ताई,

नवा कागद पाठवून वर “नंतर बोलू” म्हणाले, आणि तेव्हापासून हात मशीनवर चालेना. काल सरळ शिवणीचं कापड वाकडं शिवलं. मुकादमानं सगळ्यांसमोर उसवायला लावलं. बरं झालं, उसवता उसवता विचार करायला वेळ मिळाला.

तू लिहिलंस, “ती तुझीच आहे, हे मी दहा वेळा लिहून देते. पण मला झालंच नाही असं लिहून देणार नाही. माझं काय होतं? आईनं कधी सांगितलं नाही. हे म्हणतात, अंधार होता, पाहिलं नाही. तू पाहिलंस. सांग.”

मुलगी होती.

आईनं मला शपथ घातली होती. म्हणाली, हिला कळलं तर हिचं मन नाव शोधायला लागेल, आणि नाव ठेवलं की माणूस विसरत नाही. तुला बरं वाटावं म्हणूनच ती असं म्हणाली, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आई गेल्यावर तरी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तोवर ढबू तुझ्या मागे मागे फिरायला लागली होती, आणि मला वाटलं, मुलगीच होती म्हटलं तर तू माझीच तुझी समजशील. भीती होती ती, ताई. बाकी काही नाही.

आता सगळंच सांगते. आईनं तिला जुन्या सुती चादरीत गुंडाळलं आणि पाणी आणायला गेली. भावोजी परसात भिंतीकडे खणत होते. मी माझं पोट सावरत उभी होते. आई म्हणाली होती हात लावू नकोस, तुझे दिवस भरलेत. मी लावला. घेतलं तिला. मला वाटलं होतं तेवढी हलकी नव्हती. केस होते, काळे, कपाळाला चिकटलेले. नखं आली होती सगळी. कपाळ रुंद, तुझ्यासारखं, आणि पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. तुझंही तसंच आहे, लहानपणी मी त्यावरून तुला चिडवायचे. मी तिला धरलं होतं आणि आतून माझी लाथा मारत होती. मी ते कुणाला सांगितलेलं नाही. ढबूला तर नाहीच.

तोंड शांत होतं. हे तुझं समाधान करायला लिहीत नाहीये, खरंच शांत होतं.

भिंतीजवळ, पाण्याच्या हौदापासून उजव्या हाताला. ते घर आता दुसऱ्यांचं आहे. मागे एकदा त्या बाजूनं गेले होते, भिंत अजून आहे.

तिची नोंद कुठेच नाही. गिरणीच्या कार्डावर ते शिक्के होते आणि दवाखान्याच्या रजिस्टरात तुझं नाव, एवढंच. म्हणजे तू पोटुशी होतीस हे सांगणारं जगात काही असेल तर ते ढबूचा जन्मदाखला. आणि मी तुला सांगत होते, नुसती ओळ आहे, कोण वाचणार आहे.

चार दिवसांपूर्वी पाठवलेला कागद सही करू नकोस. फाडून टाक.

धाकटी

२६ जुलै

ताई,

ढबूचं ओळखपत्र झालं. पोचपावती मिळाली आहे, खरं कार्ड नंतर पोस्टानं येईल, पण इस्पितळात पावती चालते. मी फोन करून विचारून घेतलं.

कसं झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

तुला उत्तर टाकलं त्याच दिवशी घरी येऊन ढबूला सगळं सांगितलं. म्हणजे चादरीतलं सोडून सगळं. ती चिकटपट्ट्या बदलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग मावशीनं खोडलं ते बरोबरच केलं.” मी म्हटलं, शहाणी आहेस, आणि तुझ्या नर्सिंगचं काय? ती म्हणाली, “तो पत्र्याखालचा म्हातारा काय म्हणत होता?” मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतः जाऊन विचारलं होतं, माझ्या आधीच. अर्ज काय लागतो, कोणाची सही लागते, सगळं विचारून आली होती आणि माझ्यापुढे काढत नव्हती.

मी खूप आकांडतांडव केलं. ताट सरकवलं. ती शांतपणे म्हणाली, “आई, कागदावर कोण काय आहे ते मोठ्यानं कुणी वाचत नाही. आणि बापाच्या जागी काका आले तर मला चालेल, त्या ट्रकवाल्याला मी पाहिलेलंही नाही. मला फक्त त्या कारखान्यातून बाहेर काढ.” मग तिनं बोटं पुढे केली.

शाळेत गेलो. ते हेडमास्तर आता नाहीत, नवीन बाई आहेत. त्यांनी अर्ज वाचला, जन्मदाखला पाहिला आणि दोन दिवसांत दाखला बदलून दिला. एवढं सोपं होतं. मी ज्यासाठी गल्लीभर तमाशा केला ते एका सहीनं पुसलं.

मग माझं प्रतिज्ञापत्र. म्हाताऱ्यानंच टंकलं. किडे पडोत म्हणाल्याबद्दल त्याची माफी मागितली, तर त्याला आठवतच नव्हतं. भाषा ठरलेली असते, सांगितलं होतं ना तुला. ‘मी सदर मुलीची मावशी असून तिचा सांभाळ केला आहे.’ आणि खाली तीच ओळ, ‘मला कोणतेही अपत्य झालेले नाही.’ तू खोडलीस, मी खोडली नाही. सही केली.

परवा खिडकीत गेलो. त्याच बाई. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग कागदांकडे. त्यांना सगळं कळलं असणार, इतक्या वेळा मी तिथे आई म्हणून रडले आहे. पण कागद जुळत होते. त्यांनी मागे साहेब बसले होते त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ठरलेले प्रश्न ठरलेल्या आवाजात विचारायला लागल्या. साहेबांना ऐकू जावे लागतात ते.

“आईचं नाव?” ढबूनं तुझं नाव सांगितलं.

“आई कुठे असते?”

“दुसऱ्या शहरात. मी तिकडेच चाललेय आता.”

“मग या कोण?”

ढबूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ही माझी मावशी. लहानपणापासून हिच्याकडेच होते.” आणि माझ्याकडे वळून, “मावशी, इथे सही कर. मावशी, चष्मा लाव आधी.” असं चारचौघांत, मोठ्यानं, सहज. एकदाही चुकली नाही. मी तिला बोलायला शिकवलं तेव्हा पहिला शब्द यायला किती वेळ लावला होता तिनं.

बाईंनी शिक्का मारला. पावती देताना माझ्याकडे बघितलं नाही.

जिना उतरून आम्ही चालत घरी आलो. मी वाट बघत होते, कोपरा वळला की ती मला आई म्हणेल. कोपरा वळला. बाजार गेला. पुलावर ती म्हणाली, “जपून, खड्डा आहे.” दारापर्यंत आलो, कुलूप काढताना म्हणाली, “किल्ली दे.” घरी येईपर्यंत तिनं मला कशानंच हाक मारली नाही. तिलाही सुचत नसेल. मी पाण्याचा तांब्या घेऊन उगाच मोरीत जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी सगळं पूर्वीसारखं झालं, आई हे कुठाय, आई ते कुठाय. पण माझे कान आता प्रत्येक वेळी टवकारतात. ही खोड जाणार नाही बहुतेक.

तर आता तुझं काम. हजर व्हायच्या दिवशी पालकांपैकी एकानं बरोबर यावं लागतं, ओळखपत्र घेऊन, नाव जुळायला हवं. मी येऊन उपयोग नाही, मी कोणी लागत नाही. भावोजींना घेऊन तू जा. एक ऑगस्ट, सकाळी, मुख्य फाटक. मी तिला आदल्या दिवशीच्या बसमध्ये बसवून देते. तुमच्याकडे उतरेल. ती तुझ्याशी भांडणार नाही, तिला भांडता येत नाही. ते मात्र माझ्यावर गेलं नाही.

शाळेच्या फाटकात मी तुला म्हणाले होते, चार दिवस पाजलं म्हणून कुणी आई होत नाही. ते चार दिवस नव्हते. मला ताप भरला होता, माझं दूध येत नव्हतं, आणि तुझं थांबत नव्हतं. पूर्ण दोन महिने ढबू तुझ्या अंगावर वाढली. ज्या कुणाला हिशेब ठेवायचा त्यानं ठेवावा, मी आता ठेवत नाही.

तिथे ते पोरींची नावं घेऊन आई-बापांना पुढे बोलावतील. ढबूच्या आईला हाक मारतील. ओ दे, ताई. या वेळी मागून कुणी येणार नाही.

धाकटी

ता.क. थंडीत तिचे कान दुखतात. रुमाल बांध म्हटलं तर ऐकत नाही, तूच बांधून दे.